टाचणीखालची चिठ्ठी

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संग्रहात एक प्रचंड फुलपाखरू आहे. त्याच्या पंखांना भोके आहेत. जुन्या पेटीत कीड लागून पडतात तशी ही भोके नाहीत. ती छऱ्यांची आहेत. १९०६ साली न्यू गिनीच्या रानात आल्बर्ट मीक या संग्राहकाच्या तुकडीला हे फुलपाखरू दिसले, ते जाळी पोचणार नाही अशा उंचीवर. मग छऱ्यांची बंदूक पुढे आली आणि पारवा पाडावा तसे फुलपाखरू पाडले गेले. ती मादी होती. या जातीच्या मादीचे पंख पसरले तर टोकापासून टोकापर्यंत पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे भरतात. थोराड माणसाची वीतही अपुरी पडावी. जगातले सर्वांत मोठे फुलपाखरू ते हेच.

ते जखमी पाखरू समुद्र ओलांडून लंडनजवळच्या ट्रिंग गावी, वॉल्टर रॉथ्सचाइल्ड या बँकर घराण्याच्या वारसाकडे पोचले. त्याने १९०७ साली त्याचे शास्त्रीय वर्णन छापले आणि त्याला इंग्लंडच्या राणीचे, अलेक्झांड्राचे, नाव दिले. नावात राणी आली, नावापुढे रॉथ्सचाइल्ड आला, मीकचे नाव इतिहासात राहिले. ज्यांच्या रानात, ज्यांच्या वाटा तुडवत ही तुकडी फिरली, ती माणसे मात्र कुठेच नाहीत.

संग्रहातल्या फुलपाखराच्या पोटाखाली, त्याच टाचणीत, कागदाचा एक इवलासा तुकडा ओवलेला असतो. नखाएवढ्या जागेत ठिकाण, तारीख आणि पकडणाऱ्याचे नाव. ही चिठ्ठी हरवली की फुलपाखरू शोभेपुरते उरते. अभ्यासकाला त्याचा फारसा उपयोग नसतो. फुलपाखरे गोळा करणाऱ्यांचा आणि विकणाऱ्यांचा माग काढायचा तर पंखांपेक्षा या चिठ्ठ्याच जास्त बोलतात. त्यांच्यावर कोण आले आणि कोण राहून गेले, यातच त्या धंद्याची सगळी उतरंड दिसते.

लंडनचा अडत्या

गावाकडचा शेतकरी माल पाठवतो, अडत्या तो विकतो, आपली आडत कापून घेतो आणि उरलेले पैसे मालकाच्या खाती मांडतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश म्युझियमच्या जवळ, २४ ब्लूम्सबरी स्ट्रीट या पत्त्यावर सॅम्युएल स्टीव्हन्स नेमका हाच धंदा करत होता. माल तेवढा निराळा. ब्राझीलचे भुंगे, मलायाचे पक्षी, अ‍ॅमेझॉनची फुलपाखरे. त्याच्या भावाचे लिलावघर कॉव्हेंट गार्डनमध्ये ३८ किंग स्ट्रीटला होते, आणि तिथे नैसर्गिक चीजवस्तूंवर बोली लागायची.

स्टीव्हन्सच्या खातेदारांत दोन तरुण होते, आल्फ्रेड रसेल वॉलेस आणि हेन्री वॉल्टर बेट्स. दोघेही सामान्य घरातले, फारसे न शिकलेले. १८४८ साली ते अ‍ॅमेझॉनला गेले ते याच हिशोबावर. एका जातीचे दहा नग मिळाले तर एकदोन स्वतःच्या संग्रहात ठेवायचे आणि बाकीचे लंडनला विकायला पाठवायचे. त्या विक्रीतूनच पुढची होडी, पुढचा हमाल, पुढचे धान्य.

माल पाठवण्याची तऱ्हा वाण्याच्या दुकानात शोभावी अशी होती. फुलपाखराचे पंख मिटायचे, ते कागदात ठेवायचे आणि कागदाला तिरकी घडी घालून त्रिकोणी पुडी करायची. अशा शेकडो पुड्या पेटीत रचल्या जात. मुंग्या, बुरशी आणि समुद्राची दमट हवा यांतून वाचून त्या युरोपात पोचल्या की आतले पाखरू वाळून ठिसूळ झालेले असे. मग ते दमट पेटीत ठेवून मऊ करायचे, फळीवर पंख पसरून वाळवायचे आणि टाचणीवर चढवायचे. पकडणाऱ्याने पुडीवर लिहिलेला मजकूर त्या वेळी चिठ्ठीवर उतरवला गेला, तर त्या फुलपाखराचे ठिकाण टिकले. उतरवणाऱ्याने आळस केला, तर ते पुडीच्या कागदाबरोबर केरात गेले.

१८५२ साली वॉलेस परत निघाला तेव्हा त्याच्या ‘हेलन’ या जहाजाला भर अटलांटिकमध्ये आग लागली. बरोबर नेत असलेला संग्रह डोळ्यांदेखत जळाला, आणि होड्यांत दहा दिवस काढल्यावर दुसऱ्या जहाजाने सगळ्यांना उचलले. लंडनला उतरल्यावर कळले की स्टीव्हन्सने मालाचा दोनशे पौंडांचा विमा परस्पर उतरवून ठेवला होता. संग्रहाची किंमत त्याने भरून येणार नव्हती, पण माणूस रस्त्यावर यायचा राहिला. दोन वर्षांनी वॉलेस पुन्हा निघाला, या वेळी मलाया द्वीपसमूहाकडे. तिथल्या आठ वर्षांत त्याच्या नावावर १,२५,६६० नमुने जमा झाले. त्यातले ८३,२०० भुंगे आणि १३,१०० फुलपाखरे व पतंग. आकडा वॉलेसने स्वतःच नोंदवला आहे. अडत्याकडे माल पाठवणाऱ्याला हिशोब ठेवावाच लागतो.

त्या फुलपाखरांतले सर्वांत गाजलेले बाचान बेटावरचे. केशरी-सोनेरी पंखांचा तो नर १८५९ साली हाती आला तेव्हा वॉलेसचे काळीज इतके धडधडले की उरलेला दिवस त्याचे डोके दुखत राहिले. त्याने त्याचे नाव ठेवले क्रीसस. लिडियाचा हा राजा श्रीमंतीबद्दल प्रसिद्ध होता, जसा आपल्याकडे कुबेर. पण पुढचे नग जमवण्यासाठी लाही नावाच्या, गिलोलो बेटावरच्या माणसाला जाळी देऊन ओढ्याकाठी धाडले होते. शेवटी या एका जातीचे शंभराहून जास्त नग जमले. लाहीचे नाव आपल्याला ठाऊक आहे ते वॉलेसने पुस्तकात लिहून ठेवले म्हणून.

ड्रेस्डेनची दरपत्रिका

लंडनमध्ये लिलाव होते, तर जर्मनीत शिस्त होती. ओटो स्टाउडिंगर हा कीटकशास्त्राचा डॉक्टर ड्रेस्डेनला राहायचा आणि फुलपाखरे विकून जगायचा. पुढे त्याचा जावई आंद्रेयास बांग-हास धंद्यात आला आणि ‘स्टाउडिंगर आणि बांग-हास’ ही पेढी जगभरच्या छंदिष्टांना माहीत झाली. तिचे मुख्य हत्यार म्हणजे छापील दरपत्रिका. एका बाजूला जातीचे लॅटिन नाव, समोर किंमत. ताजा नग, फाटका नग, नर, मादी, प्रत्येकाचा भाव वेगळा.

ही यादी नुसती विक्रीची राहिली नाही. स्टाउडिंगरने युरोप आणि उत्तर आशियातल्या फुलपाखरांची जी शास्त्रीय सूची केली, तिच्या आवृत्त्या १८६१, १८७१ आणि १९०१ साली निघाल्या आणि खंडभरचे संग्राहक आपल्या पेट्या त्याच क्रमाने लावू लागले. दुकानदाराने ठरवलेला क्रम शास्त्राचा क्रम झाला. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा मोठा संग्रह बर्लिनच्या संग्रहालयात गेला, आणि दुकानात न विकलेले ते नग आज प्रमाण नमुने म्हणून अभ्यासले जातात.

पण शास्त्र आणि दुकान एका छपराखाली आले की एक मोहही येतो. संग्राहकाला प्रत्येक नावाचा एक नग हवा असतो. नाव वाढले की पेटीत एक रिकामी जागा वाढते, आणि रिकामी जागा म्हणजे गिऱ्हाईक. एका बेटावरच्या फुलपाखराचा ठिपका शेजारच्या बेटापेक्षा किंचित मोठा दिसला की नवी उपजात जाहीर करायची सवय काही व्यापाऱ्यांना लागली. हान्स फ्रुस्टोर्फर या जर्मन संग्राहक-व्यापाऱ्याने जावा, सेलेबीस, सिलोन, सयाम, टॉन्किन असा आशिया पालथा घातला आणि उपजातींना इतकी नावे दिली की त्यातली कितीतरी नंतरच्या अभ्यासकांनी रद्द केली. कितीतरी टिकलीही.

त्यातले एक आपल्या अंगणातले आहे. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत कुंपणाला सरळसोट आसुपालव लावतात, त्याच्या कोवळ्या पानांवर हिरव्या ठिपक्यांच्या एका चपळ फुलपाखराच्या अळ्या वाढतात. इंग्रजीत त्याला टेल्ड जे म्हणतात. दख्खनेतल्या त्याच्या उपजातीला ‘मेनिडेस’ हे नाव फ्रुस्टोर्फरने १९०४ साली दिले. खिडकीबाहेर क्षणभरही न थांबणाऱ्या त्या पाखराच्या नावापुढे एका जर्मन व्यापाऱ्याची सही आहे.

घेणारे

इतका माल विकत घेत कोण होते? सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे ट्रिंगचा रॉथ्सचाइल्ड. घरच्या बँकेत त्याचे मन कधी रमले नाही. झेब्रे जुंपलेली बग्गी लंडनच्या रस्त्यावर हाकणारा हा माणूस. त्याच्या संग्रहात सुमारे साडेबावीस लाख फुलपाखरे आणि पतंग जमले. पैशांच्या अडचणीत १९३२ साली त्याने आपले पक्षी अमेरिकेतल्या संग्रहालयाला विकून टाकले, पण फुलपाखरांना हात लावला नाही. १९३७ साली तो वारला तेव्हा ती ब्रिटिश म्युझियमला मिळाली.

हा ढीग अभ्यासाच्या उपयोगी पडला याचे श्रेय त्याच्या नोकरीतल्या कार्ल जॉर्डनकडे जाते. जॉर्डन जर्मन शिक्षक होता, पगारावर ट्रिंगला आला. एका जातीचा एक सुंदर नग पेटीत बसवून समाधान मानणाऱ्यांतला तो नव्हता. एकाच ठिकाणचे अनेक नग, निरनिराळ्या महिन्यांतले, आणि प्रत्येकाखाली अचूक चिठ्ठी, असा त्याचा आग्रह. प्रदेश बदलला की जात कशी हळूहळू बदलत जाते, हे अशा रांगांमधूनच दिसते. जॉर्डनमुळे फाटक्या पंखाच्या नगालाही मोल आले. ठिकाण आणि तारीख तेवढी हवी.

फ्रान्समधल्या रेन शहरी शार्ल ओबर्तूर हा छापखानदार होता. त्याच्या संग्रहाची गणना रॉथ्सचाइल्डच्या खालोखाल होते. त्याला माल पुरवणाऱ्यांत तिबेटच्या सीमेवर धर्मप्रसार करणारे फ्रेंच पाद्री होते, आणि त्यांच्यातल्या बिशप बिएच्या नावावरून ओबर्तूरने कितीतरी जातींना ‘बिएती’ म्हटले. स्वतः छापखान्याचा मालक असल्याने त्याचा एक हट्ट होता: उत्तम रंगीत चित्र नसेल तर नव्या जातीचे नाव ग्राह्य धरू नये. सरे परगण्यातला जेम्स जॉइसी तर संग्रहापायी कर्जात बुडाला. त्याच्या हिल म्युझियमचा सांभाळ करणारा जॉर्ज टॅलबॉट पुढे भारतीय फुलपाखरांवरच्या सरकारी ग्रंथमालेच्या १९३९ आणि १९४७ सालच्या खंडांचा लेखक झाला.

कैदी आणि लेपचा

या साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोण होते, हे पाहायला दक्षिण अमेरिकेत जावे लागते. फ्रेंच गयाना ही फ्रान्सची काळ्या पाण्याची वसाहत. तिथे लहानाचा मोठा झालेल्या युजेन ल मूल्टने शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना फुलपाखरे धरायला लावली. तिथल्या मॉर्फो फुलपाखरांचा निळा धातूसारखा चमकतो. त्यांचे पंख दागिन्यांत आणि तबकांत बसवले जात, त्यामुळे मागणीला तोटा नव्हता. ल मूल्ट पॅरिसला परतला, तिथे त्याने किड्यांचे मोठे दुकान थाटले आणि १९५५ साली आपल्या शिकारींच्या आठवणी छापल्या. जाळी घेऊन रानात शिरणाऱ्या कैद्यांपैकी कितीजणांची नावे टाचणीखाली गेली असतील?

आपल्याकडे असे केंद्र होते दार्जिलिंग. सिक्कीम-दार्जिलिंगच्या दऱ्यांत फुलपाखरांच्या शेकडो जाती, आणि तिथले लेपचा लोक रानाचे जाणकार. चहामळेवाल्या आणि सरकारी साहेबांनी त्यांनाच जाळ्या दिल्या. कुठल्या उंचीवर, कुठल्या महिन्यात, कुठल्या झाडाच्या शेंड्याला ‘कैसर-ए-हिंद’ हे हिरवे-पिवळे फुलपाखरू घिरट्या घालते, हे त्यांना पुस्तकावाचून कळे. विल्यम डोहर्टी हा अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा भटका संग्राहक. कुमाऊँच्या फुलपाखरांची यादी त्याने १८८६ साली छापली, पुढे मलाया बेटांवर फिरला तो शिकवून तयार केलेले लेपचा साथीदार बरोबर घेऊन. रॉथ्सचाइल्डसाठी आफ्रिकेत माल जमवताना १९०१ साली तो नैरोबीत मेला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात कलकत्त्यात लायोनेल द नीसेव्हिल मलेरियाने गेला. स्मॉल कॉज कोर्टात कारकुनी करता करता त्याने भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या फुलपाखरांवर ग्रंथ लिहिला होता. सरकारी कीटकशास्त्रज्ञाचे पद त्याला मिळाले ते मरणाच्याच वर्षी.

मुंबईकडचे लोक

मुंबई इलाख्यात व्यापारापेक्षा छंदाचे वारे अधिक होते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठजण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. त्यांत दोघे मराठी डॉक्टर: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. आठांत कर्नल चार्ल्स स्विनहो हा कसलेला फुलपाखरूवाला होता. मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरांची व पतंगांची त्याची यादी १८८५ साली लंडनला छापली गेली.

साताऱ्यात जन्मलेला एडवर्ड एटकिन हाही त्या आठांतला. जकात आणि मिठाच्या खात्यात नोकरी, आणि फावल्या वेळात किड्यामुंग्यांवर खुसखुशीत लेखन. पुढे उत्तर कानडा जिल्ह्यात तिघांचे चांगले जमले: मिठागरांवर फिरणारा एटकिन, जंगलखात्यातला टी. आर. बेल आणि जे. डेव्हिडसन. डेव्हिडसन तर दोन्ही अर्थांनी कलेक्टर, कारण जिल्हा त्याच्याच हाताखाली होता. तिघांनी मिळून जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर लिहिलेला दीर्घ लेख १८९६ पासून सोसायटीच्या जर्नलमध्ये आला.

त्या लेखाचा भर जाळीवर नाही, अळीवर आहे. हे लोक अंडी आणि अळ्या शोधून घरी वाढवत. कुठली अळी कुठल्या झाडाचे पान खाते, कोष कसा टांगते, हे टिपत. घरी कोषातून निघालेल्या फुलपाखराचा पंख फाटलेला नसतो, म्हणून व्यापारीही अळ्या वाढवत. पण कारवारच्या टिपणांत दर कुठेच नाहीत, झाडे आहेत. बेल निवृत्तीनंतर कारवारलाच राहिला आणि १९४८ साली तिथेच वारला. आज सह्याद्रीत अळीवरून फुलपाखरू ओळखणारा माणूस कळत-नकळत त्याच्याच वहीतून वाचत असतो.

लंडनला बसून भारतीय माल तपासणाऱ्या फ्रेडरिक मूरला नावांसाठी आपल्या पुराणांचा भारी सोस. १८६६ साली त्याने एका भुरकट पाखराला ‘अंबरीसा’ आणि दुसऱ्याला ‘दसहरा’ म्हटले. दोन्ही आपल्या घाटांत उडतात.

चिठ्ठीचोर

चिठ्ठीचे मोल सर्वांत चांगले कोणाला कळले असेल तर कॉलिन वायट या इंग्रज गृहस्थाला. गिर्यारोहक, चित्रकार आणि फुलपाखरांचा छंदिष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर तो ऑस्ट्रेलियातल्या संग्रहालयांत अभ्यासासाठी जाऊ लागला. सभ्य माणूस म्हणून पेट्या त्याच्यापुढे मोकळ्या टाकल्या जात. १९४७ च्या सुमारास सिडनी, मेलबर्न आणि अ‍ॅडलेडच्या संग्रहालयांना आपल्या पेट्यांत रिकाम्या टाचणीखुणा दिसू लागल्या. तीन हजारांवर फुलपाखरे गेली होती. तपास लंडनपर्यंत पोचला, वायटच्या घरी माल सापडला, आणि त्याला शंभर पौंड दंड झाला.

फुलपाखरे परत मिळाली, पण वायटने बऱ्याच चिठ्ठ्या काढून खोट्या लावल्या होत्या. कुठले पाखरू कुठल्या डोंगरावरचे, हे सोडवताना अभ्यासकांचे हाल झाले. शेवटी परत आलेल्या नगांना आणखी एक छापील चिठ्ठी जोडली गेली: हा नमुना वायटच्या चोरीच्या संग्रहातून, १९४६–४७ मध्ये, गेलेला आहे. चोराचे नाव अशा रीतीने टाचणीवर कायमचे चढले.

आता कायदे आहेत. राणी अलेक्झांड्राच्या फुलपाखराच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे. ओरो प्रांतातले त्याचे रान १९५१ च्या लॅमिंग्टन ज्वालामुखीने आणि पुढे तेलताडाच्या मळ्यांनी आक्रसले. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचींत कितीतरी फुलपाखरे आहेत. २००८ साली दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात किडे गोळा करताना दोन चेक नागरिक पकडले गेले. त्यांतला एक स्वतःच्या देशातला नावाजलेला शास्त्रज्ञ होता, आणि त्याच्या सुटकेसाठी जगभरच्या संशोधकांनी अर्ज केले. शंभर वर्षांपूर्वी त्याच दऱ्यांतून पेट्याच्या पेट्या गेल्या, तेव्हा परवाना मागणारे कोणी नव्हते.

दोन नावे

इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात सुमारे बावीस हजार फुलपाखरे आहेत. ती मार्गारेट फाउंटन या पाद्र्याच्या मुलीने जगभर हिंडून जमवली. १९०१ साली दमास्कसमध्ये तिने खलील नेमी या सीरियन वाटाड्याला कामावर ठेवले. तो पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे तिचा जोडीदार झाला. दोघे भारतातही येऊन गेले. १९४० साली ती त्रिनिदादला वारली. मागे ठेवलेल्या एका कुलूपबंद पेटीवर १५ एप्रिल १९७८ पूर्वी उघडू नये अशी सूचना होती. पेटीत तिच्या बारा रोजनिशा निघाल्या. संग्रहाला मात्र तिच्या इच्छेप्रमाणे दोघांचे नाव मिळाले: फाउंटन-नेमी संग्रह. ज्याने पाखरे धरली त्याचे आडनाव दारावरच्या पाटीवर यावे, असे या सगळ्या इतिहासात फार कमी वेळा घडले.

वॉलेसबरोबरही असा एकजण होता. अली हा सारवाकचा पोरगा स्वयंपाकी म्हणून लागला, मग पक्षी सोलायला आणि फुलपाखरे धरायला शिकला, मलेरियात मालकाची सेवा केली. १८६२ साली सिंगापुरात निरोप घेताना वॉलेसने त्याचा फोटो काढवून घेतला, त्याला दोन बंदुका दिल्या आणि स्वतः इंग्लंडला गेला.

ट्रिंगच्या रॉथ्सचाइल्डने राणी अलेक्झांड्राचे फुलपाखरू जगापुढे आणले त्याच १९०७ साली, न्यू गिनीहून बरेच पश्चिमेला तर्नाते बेटावर, टॉमस बार्बर हा तरुण अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ बायकोबरोबर रस्त्याने चालला होता. फिकट निळी टोपी घातलेला एक सुरकुतलेला म्हातारा आडवा आला आणि त्याने आपले नाव सांगितले: अली वॉलेस. बार्बरने ही बातमी इंग्लंडला वॉलेसला कळवली. म्हाताऱ्या वॉलेसने जुन्या दिवसांच्या आठवणींनी भरलेले उत्तर पाठवले. बार्बर पुढे हार्वर्डच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयाचा प्रमुख झाला, लाखो नमुन्यांच्या चिठ्ठ्या सांभाळल्या. ते पत्र मात्र त्याच्या हातून हरवले.